आधी पाणी, मग रोप: खारफुटीपासून प्रवाळापर्यंत जोडलेले किनारी अधिवास कसे सावरावेत

२००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर खारफुटीची मोठी लागवड झाली. पुढे त्यातल्या २३ जागांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ९ जागांवर एकही रोप उरले नव्हते. निम्म्याहून जास्त रोपे जगलेल्या जागा फक्त ३ होत्या. मुख्य दोष होता तो जमिनीच्या चुकलेल्या पातळीचा आणि सरसकट कांदळाच्या (खारफुटीतल्या एका झाडाच्या) शेंगा खोचत जाण्याचा. फिलिपिन्समध्येही बऱ्याच ठिकाणी जिथे खारफुटी कधी नव्हतीच अशा उघड्या चिखलावर आणि सागरी गवताच्या कुरणांवर लागवड झाली. अशा जागी जेमतेम १० ते २० टक्के रोपे टिकली, आणि गवताचे कुरणही तुडवले गेले.

खारफुटी, चिखलाचे पट्टे, कालवांचे (ऑयस्टर शिंपल्यांचे) थर, सागरी गवत आणि प्रवाळ यांतला एकच तुकडा हाती घेतला की अशी चूक होते. हे सगळे पाण्याने आणि गाळाने एकमेकांना बांधलेले आहेत. खारफुटी गाळ अडवते म्हणून बाहेरचे पाणी निवळते आणि गवताला उजेड मिळतो. प्रवाळाची भिंत लाटांचा जोर मोडते म्हणून आतले गवत आणि खारफुटीची कोवळी रोपे तग धरतात. मासे तर यांच्यामधून ये-जा करतच वाढतात. कॅरिबियनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खारफुटीजवळच्या प्रवाळांवर काही व्यापारी माशांचे एकूण वजन दुपटीहून अधिक आढळले. जिथे खारफुटी तोडली गेली होती, तिथून एका मोठ्या पोपटमाशाची जात स्थानिक पातळीवर नाहीशी झाली होती.

म्हणून कामाचा क्रम जमिनीकडून समुद्राकडे ठेवायचा. गाळ त्याच दिशेने वाहतो.

## १. सबंध पट्ट्याचा नकाशा काढा

नदीच्या मुखापासून प्रवाळाच्या बाहेरच्या उतारापर्यंत एकच नकाशा करा. मिळतील तितकी जुनी हवाई छायाचित्रे, उपग्रहचित्रे आणि जुने नकाशे एकावर एक ठेवून तीन गोष्टी शोधा: जुन्या खाड्या आणि त्यांचे फाटे कुठून जात होते, कोणता अधिवास कुठे होता, आणि बिघाड कोणत्या वर्षांच्या दरम्यान सुरू झाला.

तिसरी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. झाडे मरण्याच्या दोन-तीन वर्षे आधी तिथे रस्ता, बांध किंवा भराव झाला असेल, तर कारण तिथेच सापडण्याची शक्यता मोठी असते.

मग नकाशा घेऊन मासेमारी करणाऱ्यांकडे जा. गवत कुठपर्यंत होते, पाणी कधीपासून गढूळ झाले, होड्या कुठे नांगरतात, कोणत्या वाटेने पायी कालवे काढायला जातात, हे त्यांना ठाऊक असते. त्यांची वाट तुमच्या लागवडीच्या मधून जात असेल तर लागवड हलवा. वाट बंद करून केलेली लागवड टिकत नाही.

तपासणी: जमिनीची मालकी, किनारपट्टीचे नियम आणि परवानग्या याच टप्प्यावर पाहा. बांध फोडल्यावर पाणी शेजारच्या जमिनीत शिरणार असेल, तर शेजाऱ्याची लेखी संमती लागेल.

## २. भरतीची पातळी मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खारफुटीच्या जागेबाबत पाच-दहा सेंटीमीटरचा फरकही निर्णायक ठरतो.

ढोबळ नियम असा: खारफुटी साधारणपणे समुद्राच्या सरासरी पातळीच्या थोडी वरपासून सर्वांत मोठ्या उधाणाच्या रेषेपर्यंत उगवते, आणि निरोगी जंगलातली जमीन एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्के किंवा त्याहून कमी काळ पाण्याखाली असते. वॉटसन यांनी १९२८ मध्ये मलायातल्या जंगलांसाठी महिन्याला किती भरत्या जमिनीवर चढतात यावरून पट्टे पाडले, ते आजही उपयोगी पडतात. ५६ ते ६२ वेळा बुडणाऱ्या जमिनीवर जवळजवळ काही उगवत नाही. ४५ ते ५६ वेळा बुडणाऱ्या पट्ट्यात तिवर आणि चिप्पीसारखी आघाडीची झाडे येतात. २० ते ४५ चा पट्टा बहुतेक जातींचा, कांदळ कुळाचा मुख्य पट्टाही हाच. त्याच्या वर, २० पेक्षा कमी वेळा बुडणाऱ्या जमिनीवर, मोजक्याच जाती. हे आकडे दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्याचे आहेत, आणि जातींची वाटणी जागोजागी थोडी बदलते. म्हणून ती पुस्तकातून उचलू नका, जवळच्या निरोगी जंगलातून घ्या.

पद्धत:

१. जवळचे निरोगी जंगल निवडा. हा तुमचा नमुना.

२. तिथे प्रत्येक जातीची आपोआप उगवलेली लहान रोपे सर्वांत खाली कुठे आणि सर्वांत वर कुठे दिसतात, तिथे खुंट्या ठोका. मोठी झाडे पाहून खुंटी ठोकू नका. ती कित्येक दशकांपूर्वीच्या पातळीवर उगवलेली असू शकतात.

३. त्या खुंट्यांची उंची आणि तुमच्या जागेची उंची एकाच आधारबिंदूवरून मोजा. सर्वेक्षणाचे यंत्र नसेल तर पारदर्शक नळीची लेव्हल चालते. १५-२० मीटर नळी पाण्याने भरा आणि बुडबुडा राहिला नाही याची खात्री करा. एक बुडबुडा सगळे माप बिघडवतो. प्रत्येक माप उलट दिशेनेही घ्या. दोन मापांत २ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

४. जागेवर दर २०-२५ मीटरला काठ्या रोवून त्यांना धुऊन जाणारा खडू फासा. भरती उतरल्यावर खडू जिथपर्यंत धुतला गेला ती त्या भरतीची उंची. एक पूर्ण उधाण आणि एक पूर्ण भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), म्हणजे किमान १५ दिवस, रोज नोंद करा. पाणी किती चढले याइतकेच ते किती वेळ थांबले हे लिहा.

या शेवटच्या नोंदीवाचून फसगत होते. बांधामागची जागा महिन्यातून मोजक्या वेळा बुडत असेल, पण एकदा शिरलेले पाणी चार-चार दिवस निघत नसेल, तर मुळे गुदमरतात. जमिनीवर गुळगुळीत, चामड्यासारखी शेवाळाची साय, खेकड्यांची बिळे नाहीत, टाचेने चिखल उकरला की काळा आणि कुजक्या अंड्यासारखा वास: ही तुंबलेल्या पाण्याची खूण. उलट पांढरट मिठाची पापुद्री आणि भेगा दिसल्या तर पाणी पुरेसे पोचतच नाही. तिथे ३० सेंटीमीटरचा खड्डा करून त्यात झिरपलेल्या पाण्याची क्षारता मोजा. ती नमुना जंगलापेक्षा बरीच जास्त निघाली तर रोप लावण्यात अर्थ नाही.

इशारा: बांधाच्या आत आणि बाहेर पाण्याची पातळी एका वेळी सारखी नसते. दोन्हीकडे वेगळ्या काठ्या हव्यात.

## ३. नुकसान करणारी गोष्ट आधी थांबवा

गुरांची चराई, होड्यांचे नांगर, सांडपाणी, वरून येणारा मातीचा लोंढा, तळ खरवडणारी जाळी. यांतले जे चालू असेल ते थांबल्याशिवाय किंवा निदान हलल्याशिवाय पुढचा पैसा खर्च करू नका. होड्या नांगरायला पर्याय द्या: तळाला न घासणारी, तरंगत्या दोरीची बांधणी. नांगराची साखळी गोल फिरून गवतात टक्कल पाडते, आणि त्या टकलात नुसते गवत लावले तर तेही पुढच्या उधाणात घासून निघते.

## ४. भरतीची वाट मोकळी करा

पडीक कोळंबी तलाव, बांध घातलेली खाजणे आणि रस्त्याने तोडलेल्या खाड्या यांच्याबाबतीत अर्धेअधिक काम याच टप्प्यात होते. पुष्कळदा यानंतर झाडे आपोआप येतात.

आधी माती तपासा. किनारी चिखलात लोह-गंधकाचे संयुग असते. ते पाण्याखाली आहे तोवर निरुपद्रवी असते. हवा लागली की त्याचे आम्ल होते, आणि पहिल्या मोठ्या पावसात ते खाडीत उतरून मासे मारते. खणायच्या खोलीच्या खाली आणखी अर्धा ते एक मीटरपर्यंत, दर २५ सेंटीमीटरचा नमुना घ्या. आधी साधा सामू (pH) मोजा. तो ४ पेक्षा कमी असेल तर आम्ल तयार झालेलेच आहे. मग थोड्या नमुन्यावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका. जोरात फेस, उष्णता आणि नंतर ३ च्या खाली गेलेला सामू दिसला तर ती माती खणू नका, ओलीच ठेवा. सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल तरी फेस येतो, म्हणून शंका असेल तेव्हा प्रयोगशाळेतून खात्री करून घ्या.

मग आतून बाहेर काम करा.

१. आतले छोटे बांध काढा.

२. जुन्या खाड्यांच्या वाटांवर नाल्या खणा. मुखाशी रुंद आणि खोल, आत जाताना निमुळत्या. वळणे जशीच्या तशी ठेवा. सरळ चर पाणी फार वेगाने नेतो आणि काठ ढासळतात.

३. निघालेला चिखल नालीच्या काठाने सलग रचू नका. यंत्रचालकाला तसे करणे सोयीचे असते आणि जवळपास प्रत्येक जागी ते होतेच. त्या ढिगाचा नवा बांध तयार होतो आणि नाली भरलेली असतानाही दोन्ही बाजूंची जमीन कोरडी राहते. चिखल बुजवायच्या चरांत टाका, पातळ पसरा, किंवा ढिगांमध्ये मोकळ्या फटी ठेवा.

४. बाहेरचा बांध सर्वांत शेवटी, भांगाच्या दिवसांत, जुन्या खाडीच्या मुखाशीच फोडा. उधाणात फोडलात तर एकाच भरतीत गाळाचा लोंढा बाहेर पडून पुढचे गवत गाडेल. मोठ्या जागेला एकच तोंड ठेवू नका. सगळे पाणी तिथून शिरते आणि तळ खरवडला जातो.

रस्त्याखालच्या मोऱ्यांकडे वेगळे लक्ष द्या. मोरीच्या पाइपाचा तळ खाडीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली हवा. तो हातभर वर बसवला की भरती आत येते, पण ओहोटीला तळातले पाणी बाहेर पडत नाही.

तपासणी: बांध फोडल्यावर पुन्हा १५ दिवस खडूच्या काठ्या वाचा. ओहोटीला आतली जमीन नमुना जंगलाइतक्याच वेळात उघडी पडते का? नसेल तर नाली वाढवा. रोपांचा विचार अजून नको.

## ५. खारफुटी: एक हंगाम थांबून मग ठरवा

पाणी सुरळीत झाल्यावर किमान एक, जमल्यास दोन फळहंगाम थांबा. मग एक मीटरच्या चौकटी टाकून आपोआप आलेली रोपे मोजा. दोन मीटर अंतराने लावले तर हेक्टरी २५०० रोपे बसतात. त्याहून जास्त रोपे बऱ्यापैकी पसरून आली असतील तर काही लावू नका.

रोपे आलीच नाहीत तर दोन शक्यता आहेत: बी पोचत नाही किंवा बी टिकत नाही. बी पोचत नसेल तर जवळच्या झाडांची पिकलेली फळे आणि शेंगा उधाणाच्या चढत्या पाण्यात नालीच्या मुखाशी सोडा. लाटेने बी उखडले जात असेल तर हंगाम पाहा. तिवराच्या बीजाला मुळे रुजवायला न बुडता काही सलग दिवस लागतात. फळे गळण्याचा काळ आणि वरच्या पट्ट्यातले भांगाचे कोरडे दिवस जुळवून घ्या.

लावणेच भाग असेल तर:

- कांदळाची शेंग झाडावरून ओढून काढू नका. पिकलेली शेंग हलक्या हाताने सुटते, आणि फळापासून ती वेगळी होते तिथे फिकट, रंग बदललेली कडी दिसते. गळ्याशी हिरवीगार असेल तर कच्ची. छिद्रे असलेल्या, वाळून सुरकुतलेल्या शेंगा बाजूला काढा.
- टोकदार बाजू खाली धरून साधारण एक तृतीयांश लांबी चिखलात खोचा. कडक जमिनीत आधी काठीने भोक पाडा. शेंगेची साल खरवडली की ती तिथून कुजते.
- अंतर १ ते २ मीटर. एकच जात सरसकट नको. पायरी २ मधल्या खुंट्यांप्रमाणे जात बदला.
- रोपवाटिकेत गोड्या पाण्यावर वाढवलेली रोपे थेट खाऱ्या चिखलात नेऊ नका. शेवटचे काही आठवडे पाण्याची क्षारता टप्प्याटप्प्याने वाढवत जागेच्या पातळीला आणा. लावताना पिशवी पूर्ण काढा आणि परत न्या.

इशारा: रोपांच्या खोडांवर बार्नेकलचे (चिकटून वाढणाऱ्या छोट्या कवचधारी जीवांचे) जाड थर चढू लागले तर ते खरवडत बसू नका. बहुधा जागा फार खाली आहे. पुढची तुकडी वरच्या पट्ट्यात लावा.

## ६. कालवांचे थर

कालवे पाणी गाळतात आणि खारफुटीच्या कडेशी लाटेचा जोर कमी करतात. मात्र हा उपयोग थराच्या माथ्यावर पाणी उथळ असते तेव्हाच. उधाणाच्या खोल पाण्यात त्यांच्या भरवशावर रोपे सोडू नका.

आधी पाण्यात कालवांच्या अळ्या आहेत का पाहा. शिंपल्यांच्या माळा किंवा खरबरीत फरश्या वर्षभर, दर महिन्याला नव्या टांगून त्यांवर पिल्ले मोजा. पिल्ले भरपूर बसत असतील तर कमतरता घट्ट तळाची आहे. अजिबात बसत नसतील तर नुसते शिंपले ओतून काही होणार नाही, आधी पैदाशीची मोठी कालवे लागतील. ती स्थानिक जातीचीच.

तळासाठी वापरायचे शिंपले किमान सहा महिने उन्हात, अधूनमधून उलटून वाळवा. ओले शिंपले दुसऱ्या खाडीतले रोग आणि परके जीव घेऊन येतात. पिल्ले बसण्याच्या हंगामाच्या अगदी तोंडावर थर घाला. दोन महिने आधी घातलात तर शेवाळ आणि गाळ बसून पिल्लांना धरायला जागा उरत नाही.

उंचीत काटकसर करू नका. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या ग्रेट विकोमिको नदीत तळापासून २५ ते ४५ सेंटीमीटर उंच थरांवर कालवांची दाटी ८ ते १२ सेंटीमीटरच्या थरांपेक्षा कितीतरी जास्त टिकली. बुटका थर गाळात बुडतो. पाय घोट्याच्या वर रुतत असेल तर खाली दगडाचा पाया लागेल. थर सलग भिंतीसारखा न घालता मधे मासे आणि पाणी जाण्याच्या वाटा ठेवा, आणि गवतावर कधीही घालू नका. प्लॅस्टिकच्या जाळ्यांऐवजी काथ्याच्या वापरा.

## ७. सागरी गवत

बांध फोडल्यावर काही महिने पाणी गढूळ राहते. ते निवळेपर्यंत गवत लावू नका. मोजायला काळ्यापांढऱ्या तबकडीची साधी चकती पुरते: दोरीने खाली सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली लिहा. त्या खोलीवर पृष्ठभागाच्या साधारण १० ते २० टक्के उजेड उरतो, आणि बहुतेक गवतांची किमान गरजही त्याच घरात असते. चकती तळाच्या आधीच दिसेनाशी होत असेल तर जागा नापास. वर्षातल्या सर्वांत गढूळ महिन्यांतही मोजा. निवळ महिन्यातल्या एका मापावर विसंबणे ही इथली नेहमीची चूक आहे.

१. चार-पाच ठिकाणी छोटे तुकडे लावून सगळे ऋतू जाऊ द्या.

२. मूळ कुरणातून विखरून, थोडे थोडेच घ्या. एका जागी टक्कल पाडू नका. प्रत्येक तुकड्यात आडव्या खोडाचे वाढते टोक हवे. टोक नसलेला तुकडा हिरवा दिसतो, पण पसरत नाही.

३. समुद्राच्या पाण्यात, सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा.

४. खोड वाळूत १ ते ३ सेंटीमीटर खाली आडवे ठेवून बांबूच्या किंवा गंजून जाणाऱ्या तारेच्या पिनने दाबा. पाने गाडू नका.

५. एकेक काडी लांब लांब न लावता दाट झुबक्यांत लावा. झुबका स्वतःभोवतीचे पाणी शांत करतो.

प्रयोग यशस्वी झाला की मोठे लावा. १७८६ प्रयोगांच्या २०१६ मधल्या जागतिक आढाव्यात एक लाखाहून अधिक कोंब किंवा बिया वापरलेल्या प्रयत्नांना स्पष्टपणे जास्त यश मिळालेले दिसते. व्हर्जिनियाच्या किनारी उपसागरांत दोन दशकांत ७ कोटींहून अधिक बिया पेरून सुमारे ३६०० हेक्टर कुरण उभे राहिले. तिथे पाणी निवळ होते, नव्हते ते फक्त बी.

## ८. प्रवाळ

हा टप्पा शेवटचा आणि सर्वांत महाग. वरून गाळ येणे चालू असेल तर तो सुरूच करू नका. आधी तळ पाहा: सुटे, लोळणारे तुकडे असतील तर त्यांवर लावलेले प्रवाळ लाटेबरोबर उलटे होऊन मरते. शेवाळ खाणारे मासे आणि सागरी साळू पुरेसे नसतील तर लावलेले तुकडे शेवाळाखाली जातात, त्यामुळे मासेमारीचा विचार आधी करावा लागतो.

तुकडे ५ ते १० सेंटीमीटरचे, वेगवेगळ्या वसाहतींमधून घेतलेले. चिकटवण्याआधी खडकावरचे शेवाळ तारेच्या ब्रशने काढा. उष्ण महिन्यांत लागवड करू नका. पाणी सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा १ अंश वर गेले की धोका सुरू होतो. साचलेला ताप (धोक्याच्या पातळीवरचे जादा अंश गुणिले आठवडे) ४ अंश-आठवड्यांवर गेला की विरंजन, म्हणजे प्रवाळ पांढरे पडणे, ८ वर गेला की मोठी मर अपेक्षित असते. अंदाज तसा असेल तर तुकडे रोपवाटिकेतच, शक्यतो खोल पाण्यात ठेवा.

## ९. नोंदी: जगलेली रोपे मोजून भागत नाही

कामाआधी एकदा, मग पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे किमान पाच वर्षे वर्षातून एकदा, त्याच ऋतूत आणि भरतीच्या त्याच अवस्थेत मोजा. तीन जागा एकाच पद्धतीने मोजायच्या: काम केलेली, काहीच न केलेली आणि नमुना. काही न केलेल्या जागेची नोंद नसेल तर सुधारणा तुमच्या कामामुळे झाली की पाऊस चांगला झाल्यामुळे, हे सांगता येणार नाही.

जोडणी स्वतंत्रपणे तपासा. खारफुटीच्या नाल्यांत, गवतात आणि प्रवाळावर एकाच जातीच्या माशांची लांबी मोजा. नाल्यांत बोटाएवढी पिल्ले आहेत, पण गवतात मधल्या आकाराचे मासे नाहीत, असे दिसले तर मधला दुवा तुटलेला आहे. पुढचे पैसे तिथे लावा.

किती नुकसान झाले की काम थांबवून कारण शोधायचे, हे लावण्याआधीच कागदावर लिहून ठेवा. उदाहरणार्थ, पहिल्या सहा महिन्यांत निम्मी रोपे गेली तर पुन्हा लावायची नाहीत, पायरी २ पासून पातळी नव्याने मोजायची. मेलेल्या रोपांच्या जागी तशीच नवी रोपे लावून संख्या भरून काढली, तर वर्षअखेरीच्या तक्त्यात ती जगलेली म्हणून मोजली जातात. म्हणून प्रत्येक तुकडीला वेगळ्या रंगाची खुंटी लावा.